तिच्या गावातली दारं

नव्या गेममध्ये जीव उरला नाही, हे मी अजूनही म्हणतो. फोनवर आमचा एक गट आहे, सगळे पन्नाशीला टेकलेले. कोणी शाळेत शिकवतो, एकाचं चंद्रपुरात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, मी कचेरीत कारकून. तरुणपणी आम्हाला एकाच प्रकारच्या गेमचं वेड होतं. एक प्रवासी घडवायचा, त्याला नाव द्यायचं, वाटेत सोबती जोडायचे आणि गावोगावच्या लोकांशी बोलत, लढत, एका लांबलचक कथेतून पार व्हायचं. नवा गेम आला की गटावर पंचनामा सुरू होतो. चित्रं झकास, माणसं लाकडाची, असा निकाल बहुधा मीच देतो. गेल्या उन्हाळ्यापासून तो देताना बोटं अडखळतात. तरी देतो.

माझा जुना गेम आलापल्लीच्या नोकरीतला. नवं लग्न झालेलं, आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मागे सागाच्या लाकडाचा डेपो, पुढे रस्ता आणि संध्याकाळी करायला काहीच नाही. वाइंडिंगवाल्या मित्रानं सीडी कॉपी करून दिली होती. पडद्यावर वरून दिसणारी बोटभर माणसं, बोलण्याला आवाज नाही, नुसता इंग्रजी मजकूर. बायको बारावी झालेली, पण इंग्रजीला घाबरायची. मग मी वाचायचो, आमच्या बोलीत सांगायचो, आणि काय करायचं ते ती ठरवायची.

ती तलावाकाठच्या गावातली. तिचे वडील गावच्या तलावात मासे धरायचे. जाळं ओढणाऱ्या सगळ्यांना सारखा वाटा, आणि कोणी तापानं घरी पडलेला असला तर त्यालाही एक. हे सगळं तिनं गेममध्ये आणलं. असल्या गेममध्ये कोणाच्याही घरात शिरायचं, पेट्या उघडायच्या, सापडेल ते झोळीत टाकायचं, अशीच रीत आहे. सगळे तेच करतात. मी पहिल्यांदा एका झोपडीत शिरलो, तर तिनं माझा हात माउसवरून उचलला.

“लोकायच्या घरात काऊन घुसून राह्यले जी? आवाज तं द्या.”

“गेम होये तो. आवाज द्याचं बटनच नाई.”

“मंग बाहेर उभे राहा. निघन कोणी.”

आम्ही उभे राहिलो. कोणी निघालं नाही. ती म्हणाली, वावरात गेले असतील, संध्याकाळी येऊ. चांगली तलवार सापडली की ती सोबत्याला जायची, आमच्या प्रवाशाच्या हातात तीच गंजलेली. फार वाईट खेळायचो आम्ही. सारखे मरायचो. तेवढा मी नंतर कधी हसलो नाही.

आता आम्ही चंद्रपुरात असतो. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिचा मोठा कॉम्प्युटर घरी राहिला. गटातले सगळे ज्याची वाट पाहत होते, तो नवा गेम मी त्यावर टाकला. त्यात माणसांच्या डोळ्यांतलं पाणी दिसतं आणि प्रत्येकाला स्वतःचा आवाज आहे. बायको हौसेनं खुर्ची ओढून शेजारी बसली.

“काय म्हणून राह्यला तो बुढा?”

“थांब नं. ऐकू दे.”

थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं. मी हेडफोन लावला. वळून पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती.

मी एकटाच खेळत गेलो. बाण दाखवील तिकडे जायचं, घर दिसलं की लुटून साफ करायचं. नदीकाठच्या एका गावात तर लोक मला पाहून दारं लावून घ्यायचे. मी गटावर लिहिलं, गावं म्हणजे नाटकाचे पडदे झालेत. सगळ्यांनी अंगठे दिले.

मग एकदा कॉम्प्युटरची खुर्ची खाली केलेली आढळली, आणि कीबोर्डच्या एका बटनावर हळदीचा डाग. गेम उघडला तर यादीत माझ्या प्रवाशाखाली दुसरी एक प्रवासी होती. तिला बायकोनं स्वतःचं माहेरचं नाव दिलं होतं, लग्नात आमच्या घरानं बदलून टाकलेलं.

मुलीच्या अभ्यासाला सोबत बसता बसता बायकोला इंग्रजी वाचता येऊ लागलं होतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही, मी लक्ष दिलं नव्हतं. मी कचेरीत असताना ती पडद्याखालच्या ओळी वाचत खेळत होती, आणि माझ्यापेक्षा कितीतरी पुढे गेली होती. तिचा खेळ उघडला, तर तिच्या झोळीत फारसं काही नव्हतं, सोबत्यांच्या अंगावर तिच्यापेक्षा चांगली चिलखतं होती. आणि ते नदीकाठचं गाव तिला हाका मारत होतं. एक म्हातारी दारात जाळं विणत बसली होती. मी जवळ गेलो, तर तिनं पुरात गेलेल्या मुलाची गोष्ट सांगितली. ती ऐकून मला खुर्चीवरून उठवेना. इतकं चांगलं मी आलापल्लीच्या गेममध्ये कधी वाचलं नव्हतं. माझ्याही गेममध्ये हीच म्हातारी होती. तिनं मला सांगितलं नव्हतं, एवढंच.

मला आनंद व्हायला हवा होता.

एका रविवारी बायको भावाकडे मूल गावी गेली आणि मी तिचा खेळ पुन्हा उघडला. नुसतं बघायचंय, असं स्वतःला सांगितलं. पण नुसतं बघायला पेट्या उघडाव्या लागत नाहीत. मी त्या गावातल्या घराघरात शिरलो. म्हातारीनं मला तिच्या घरात पाहिलं आणि ती ओरडली. मी थांबलो नाही. चोरलेलं सगळं नदीत टाकलं, म्हणजे झोळी होती तशी दिसावी. दार ओलांडलं की हा गेम आपोआप साठवला जातो, हेही मला पक्कं माहीत होतं. ते गाव मला माझ्या गावासारखं करायचं होतं. दुसरं कोणतंही कारण मी आजवर शोधलं, ते खोटं निघालं.

दोन-चार दिवसांनी चहा देताना ती म्हणाली, “काहो, तो गेम बिघडला का? मी खेळून राह्यली दुपारचं.”

“काऊन?”

“त्या नदीवरच्या गावात कोणीच बोलून नाई राह्यलं माह्याशी. बुढी तं दारच लावून घेते.”

तेव्हा मला सांगता आलं असतं. चहा गरम होता, घरात आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, “नवे गेम असेच राह्यते. जुन्याची सर नाई याले.”

ती कपाची कड पुसत राहिली. “नाई जी. माह्याच हातून काही झालं असन.”

त्यानंतर मी रोज तिच्या माघारी तिचा खेळ बघू लागलो. ती दारोदार फिरून एकेकाला काहीबाही देत होती. आधी धान्य गेलं, मग औषधं, मग चांगले जोडे. शेवटी झोळीत पांघरूणही उरलं नाही. गाव गप्पच होतं.

मला ते बघवेना. गेमच्या मागच्या प्रती कॉम्प्युटरवर राहतात. त्या रविवारच्या आधीची प्रत शोधून मी परत लावली. “दुरुस्त केला,” असं सांगून तिला बोलावलं, खुर्चीवर बसवलं, मागे उभा राहिलो. म्हातारीनं जाळ्यातून मान वर केली, हसली आणि हाक मारली. खालच्या ओळीत बायकोचं माहेरचं नाव उमटलं.

ती बघत राहिली. बटन दाबलं नाही.

“झाला नं चांगला?” मी विचारलं.

“हाव. पण एकदा तोंड फिरवलेलं पाह्यलं नं, का मंग गोड बोलनं खरं वाटत नाई.”

ती म्हातारीबद्दल बोलत होती. असावी. “अगं, ते…” एवढंच मी म्हणालो.

ती उठली. वाकून खुर्चीचा दांडा ओढला, खुर्ची मला लागते तेवढी वर आली.

“बसा,” ती म्हणाली. “खाली असली का तुमचे पाय अवघडते.”