पोहता येतं का?

गावचा तलाव आमच्या पणजोबांनी बांधला. त्यामुळे मला पोहता येतच असणार, असं गोंदियाच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांनी धरून टाकलं होतं. मला पोहता येत नव्हतं. सात वर्षांचा असताना त्याच तलावात गटांगळ्या खाल्ल्या, एका बाईनं केसांना धरून ओढून काढलं. तेव्हापासून घोट्याच्या वर पाणी आलं की छाती धडधडते. पण तलाववाल्यांच्या घरात हे बोलायची सोय नव्हती. पोरं पोहायला निघाली की मला ताप यायचा.

ऑफिसात तेव्हा नवीनच कम्प्युटर आला होता. बडे बाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, ऋषिकेशच्या राफ्टिंगची सीडी त्यावर लावली. फेसाळ पाण्यात रबरी नाव उभीच्या उभी, आणि आतली माणसं किंचाळत होती. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या, मूर्खासारख्या. मेच्या सुट्टीत जोडीनं जायचं ठरलं.

बडे बाबू फॉर्म घेऊन घरीच आले. पोहता येतं का? पाण्याची भीती वाटते का? ते समोर बसलेले. मी माझ्यापुढे ‘हो’ आणि ‘नाही’ लिहिलं. बायकोपुढे उलटं.

"तुम लोग तो तालाबवाले!" बडे बाबू खूश झाले. "वहिनी तुमच्या भरवशावर. नाव पलटली तर आधी त्यांना पकडायचं, काय?"

त्या दिवसापासून माझं अन्न तुटलं. स्वतः बुडायची भीती जुनी, तिची सवय होती. ही नवीन होती. बायको पाण्यातून माझ्याकडे हात करते आणि मी तिलाच धरून खाली ओढतो, हे दाढी करताना दिसायचं, फाईल लावताना दिसायचं. लाइफ जॅकेट देतात म्हणे. माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

शेवटी एका रविवारी सरावाचं निमित्त करून गावी गेलो. तीही आली. दुपारचं तलावावर चिटपाखरू नव्हतं. तिला बांधाच्या पाळीवर बसवून मी पाण्यात उतरलो. गुडघ्याइतकं पाणी झालं आणि मी थांबलो. पुढे जाववेना, मागे येववेना.

"काऊन थांबले?" ती ओरडली.

"मले पोहता येत नाही," मी म्हणालो, आणि रडूच फुटलं. "तू मरशील माह्यापायी."

ती हसली नाही. पदर खोचून पाण्यात आली, मला हाताला धरून काठावर बसवलं. मग वळली आणि सरळ तलावाच्या मध्यापर्यंत पोहून परत आली.

"माहेरच्या बोडीत शिकली. लहान तलावच तो," केस पिळत ती म्हणाली.

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुमी विचारलं कवा? फारम भरून राहिले होते, तवा मी चहा घेऊन बाजूलेच उभी होती."

लग्नाला बारा वर्षं झाली होती. पाण्याची भीती त्या क्षणी विसरलो, इतकी मला स्वतःची लाज वाटली.

सोमवारी बडे बाबूंकडून कोरा फॉर्म मागून घरी आणला. या वेळी तिला समोर बसवलं.

"पाण्याची भीती वाटते?"

"मले नाही. तुमचं खरं लिवा."

मी माझ्यापुढे ‘हो’ लिहिलं. मग वरच्या ‘पोहता येतं का?’पुढे ‘नाही’.