डहाळीचा बुडखा

जंगलात वाट फुटली की पुढच्या माणसानं चुकीच्या वाटेवर हिरवी डहाळी आडवी टाकायची, म्हणजे मागचे तिकडे वळत नाहीत. आमच्या सातपुड्याच्या पायथ्याला हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि ते ठाऊक करून दिलं माणिकनं. गाव त्याला माणिकराव म्हणतं, मी आणि रसूल माणिकच म्हणतो. चौतीस वर्षं तो जंगलखात्यात मजूर होता. उन्हाळ्यात वणवा अडवायला जाळरेषा काढायच्या, रोपांना पाणी घालायचं, वणवा लागला की ओल्या फांद्यांनी झोडपायचा. साहेब बदलले, जीपगाड्या बदलल्या, माणिक मजूर म्हणूनच घरी आला. त्याचं नाव कुठल्या पेपरात छापून आलं नाही. पण मोहफुलं वेचताना गावातली सहा वर्षांची वैष्णवी आईपासून चुकली, तेव्हा ती सापडली त्यानं टाकलेल्या डहाळीपाशी बसलेली. "माणिकआबाची डहाळी ओलांडाची नसते," एवढंच ती म्हणाली होती.

मी उकंडराव, प्राथमिक शाळेतला रिटायर मास्तर. माझ्या आधीची पोरं जगली नाहीत म्हणून आईनं मला उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, लोळवून हे नाव ठेवलं. रसूल म्हणजे गुलाम रसूल. संग्रामपूरच्या बाजारात त्याची शिलाई मशीन आहे. आम्ही तिघं चौथीपर्यंत एका तरटपट्टीवर बसलो. दर पौषात एक दिवस तिघांनी डोंगर चढून जांभुळझिऱ्यावर जायचं, तिथल्या पाझराशी भाकर खायची आणि उन्हं कलायच्या आत खाली यायचं, असा आमचा चाळीस वर्षांचा नेम. माणिक पुढे, रसूल मधे आणि मी मागे.

गेल्या दिवाळीत माणिक संग्रामपूरच्या स्टँडवर सापडला. स्वतःच्याच घराची वाट विचारत होता, आणि विचारत होता रसूलला. रसूलनं हाताला धरून त्याला घरी आणलं. मला हे त्यानं आठ दिवसांनी सांगितलं, तेही रडत.

मग पुण्याहून त्याचा मुलगा प्रेमानंद आला. पोरगा वाईट नाही. बापाची काळजी वाटते, घरात ठेवायला जागाही आहे. पण माणिक हटून बसला. शेवटी म्हणाला, "या दोघायले मी जांभुळझिऱ्यावर नेतो. एक जरी फाटा चुकलो, तं त्याच हप्त्यात तुह्यासंगं येतो. नाही चुकलो, तं पुन्हा इषय काढाचा नाही." प्रेमानंदनं ते मान्य केलं.

त्या संध्याकाळी माणिकची बायको चांगुणा माझ्या ओसरीवर आली. "मास्तर, तिथं तिसऱ्या मजल्यावर हे काय करतीन हो? इथं रस्त्यानं कोनी हाक तरी मारते," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून बसून राहिली. ती गेल्यावर मी तडक रसूलकडे गेलो. आयुष्यभर कॉप्या पकडलेला माणूस मी. त्या दिवशी स्वतःच कॉपी पुरवायचं ठरवलं.

नेमाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं गुपचूप डोंगर चढलो. वाटेत तीन फाटे लागतात. तिन्ही ठिकाणी चुकीच्या वाटेवर पळसाची डहाळी आडवी टाकली. गुराख्यांनी टाकली असेल असं त्याला वाटेल, हा हिशोब. उतरताना रसूलचे गुडघे बोलायला लागले. "अल्ला, मास्तर, उद्या फिरून चढाचं हाय ना बे?" तो म्हणाला. मी त्याला गप्प बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. प्रेमानंद पायथ्याला थांबला. माणिक काठी घेऊन पुढे, नेहमीच्याच चालीनं. पहिल्या फाट्यावर तो डहाळीपाशी वाकला, जरा वेळ पाहत राहिला आणि काही न बोलता बरोबर वाटेला लागला. दुसऱ्या फाट्यावरही तसंच. रसूलनं मागे वळून मला डोळा मारला. मला तर उडी मारावीशी वाटली.

तिसऱ्या फाट्यावर डहाळी नव्हती. शेळ्यांनी पाला ओरबाडून काडी कुठल्या कुठं नेली होती. नुसत्या लेंड्या पडल्या होत्या. माणिक उभा राहिला. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मग तो वळला आणि सरळ माझ्याकडे पाहून म्हणाला, "मास्तर, इथची डहाळी काय झाली बे?"

मी उगाच म्हणालो, "कोनती डहाळी?"

"काल टाकलेली. पहिल्याच फाट्यावर समजलं मले. मी बुडखा बरोबर वाटेकडं ठेवतो. अंधारात हाताले बुडखा लागला, तरी वाट समजली पाह्यजे. तुमी उलटा ठेवला."

चाळीस वर्षं मी त्याच्या मागून चाललो होतो आणि पानं तेवढी पाहिली होती, तोडलेलं जाड टोक कधीच नाही. लाज वाटली, फार वाटली.

"मंग बोलला काऊन नाही?" रसूलनं विचारलं.

"तुह्या गुडघ्याकडं पाह्यलं. एवढं चढून गेल्ते माह्यासाठी. कसं बोलू?" माणिक दगडावर बसला. "कोनाची डहाळी, ते समजते मले. पन इथून कोनची वाट, ते नाही आठवत. खरं सांगतो. दोन्ही वाटा सारख्याच दिसून राह्यल्या."

मग मी पुढे झालो, आयुष्यात पहिल्यांदा. डहाळी तोडून त्याच्या हातात दिली आणि चुकीची वाट दाखवली. त्यानं ती आडवी टाकली. बुडखा मात्र हातानंच बरोबर फिरवला.

झिऱ्यावर कळण्याची भाकर आणि ठेचा खाल्ला. रसूलनं पानातली भाकर माणिकच्या पुढे सरकवली आणि म्हणाला, "खाली काय सांगाचं, ते आमी पाहून घेऊ. तू फाटा चुकला नाही, ही गोष्ट तं खरी हाय." माणिकनं मान हलवली, हो की नाही, ते कळलं नाही.

पायथ्याला प्रेमानंदनं विचारलं, "बाबा, कसं झालं?"

मी तोंड उघडलं होतं. माणिकनं माझ्या दंडावर हात ठेवला. "चुकलो," म्हणाला. "मास्तरनं आनलं."

चौथ्या दिवशी गाडी आली. चांगुणानं तुळशीचं रोप मांडीवर घेतलं. माणिकनं रसूलला आणि मला आळीपाळीनं छातीशी धरलं. मला नावानं हाक मारली, रसूलला मारली नाही. रसूल हसत राहिला. गाडी धुरळ्यात दिसेनाशी झाल्यावर तो म्हणाला, "चाल मास्तर, डोंगराकडं. इथं जीव घाबरते."

पायवाट जिथं सुरू होते, तिथं आम्ही थबकलो. वाटेवर पळसाची डहाळी आडवी पडली होती, पानं अजून टवटवीत. कधी येऊन टाकली असेल कोण जाणे. गाडीत बसताना चांगुणा म्हणाली होती, पहाटे घटकाभर हे घरात नव्हते. रसूल मटकन खाली बसला आणि मोठ्यानं रडायला लागला.

या खेपेला मी आधी बुडखा पाहिला. तो आमच्या गावाकडे होता.