मोताळ्याची बाई

रेखाताई गेली, आणि मला तिची उंचीसुद्धा माहीत नव्हती.

दोन वर्षं आम्ही सोबत शिकलो. एमएसडब्ल्यू, ऑनलाइन.
ती संग्रामपूरजवळच्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका. मी अमडापूरला, सासरी, मुलाला सांभाळत.
एकाच जिल्ह्यात राहून कधी भेट झाली नाही. मोबाइलच्या चौकोनात मावायची तेवढीच ती मला ठाऊक.

लोक म्हणायचे, घरबसल्या कसलं आलंय कॉलेज.
त्यांना एकदा आमच्या counselling च्या प्रॅक्टिकलला बसवायला हवं होतं.

त्यात जोड्या पाडतात. एकीनं counsellor व्हायचं, दुसरीनं अडचण घेऊन आलेली client.
मॅडमनी बजावलं होतं, "स्वतःची गोष्ट आणायची नाही. केस काल्पनिक हवी."

मी अगदी काल्पनिक आणली.
मोताळ्याची एक बाई. नवरा अपघातात गेलेला, पदरात दोन मुली. बुलडाण्याला नोकरी लागतेय, पण सासू-सासऱ्यांना सोडून जायचं कसं सांगावं, ते तिला कळत नाही.

मला मुली नाहीत, एक मुलगा आहे. गावही बदललं.
बाकी सगळं माझंच होतं.

रेखाताईनं विचारलं, "सासू-सासरे तरास देतात का?"
"नाही हो. लेकीसारखं वागवतात."
ती म्हणाली,
"मंग तर लयच कठीण हाये."

एवढं बोलली आणि मला रडू आवरेना. कॅमेरा बंद केला, खापर नेटवर्कवर फोडलं.
मॅडम म्हणाल्या, भूमिका छान केलीत.

पुढच्या आठवड्यात रेखाताईचा फोन. असाइनमेंटचं बोलून झालं आणि म्हणाली, "त्या मोताळ्याच्या बाईचं काय झालं?"
मी म्हणाले, "अजून सांगितलं नाही तिनं घरी."
"बरं."

मग दर फोनला हाच प्रश्न. ती बाई कोण, हे तिनं कधी विचारलं नाही. तिला पहिल्याच दिवशी कळलं असणार. मला लाज वाटू नये म्हणून ती त्या बाईला मोताळ्यातच राहू देत होती.

Counsellor नं सल्ला द्यायचा नसतो, हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवलं होतं.
रेखाताईनं एकदाच दिला.
"तिले म्हना, मानसं चांगली हायेत ना? मंग त्याईले ऐकू तर दे. त्याईले झेपनार नाई, हे तूच काऊन ठरवून राह्यली?"

गेल्या गुरुवारी मी घरी सांगितलं.
सासूबाई रडल्या. मामाजी, म्हणजे माझे सासरे, उठून गोठ्यात गेले. बऱ्याच वेळानं परत आले आणि म्हणाले, "खोली मी पाहून येतो. पोराले सुट्टीत धाडत जाजो."

रेखाताईला रविवारी सांगू म्हटलं. क्लास झाल्यावर, निवांत. या वेळी 'ती बाई' म्हणणार नव्हते.
शुक्रवारी तिला दवाखान्यात नेलं होतं, हे मला माहीतच नव्हतं.
रविवारी क्लासच्या आधी ग्रुपवर मेसेज आला.
गुरुवारीच फोन का केला नाही, म्हणून स्वतःचा फार राग येतो.

काल पहिल्यांदा तिच्या घरी गेले. ओसरी बायकांनी भरलेली. तिची मुलगी उठून जवळ आली.
"तुम्ही आईच्या कॉलेजातल्या का?"
"हो."
"मंग तुम्हाले माहीत असन. मोताळ्याची बाई कोन हाये? आईनं दवाखान्यात दोनदा विचारलं, तिचा फोन आला का म्हून. आमाले तर तशी कोनी सापडली नाई."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.
"मीच," मी म्हणाले.

रेखाताई, मी घरी सांगितलं गं. सोमवारी मुलाला घेऊन बुलडाण्याला निघतेय.

तुला माझा शेवटचा नमस्कार.