पडवीतलं कॉलेज

अंबाजीनं बायकोला कॉलेजात घातली हे खरं, पण त्यात त्याचा दोष फारसा नव्हता. तो लोणावळ्याला एका निवृत्त जज्जसाहेबांच्या बंगल्याची राखण करायचा. साहेबांना उतारवयात स्त्रीशिक्षणाचा ध्यास लागला होता. घरच्या सुनांवर प्रयोग करून झाला, त्या दाद देईनात. तेव्हा साहेबांची नजर राखणदाराकडे वळली. "तुझी बायको फायनल पास आहे म्हणतात? मग तिला पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात धाड. मुलींच्या शाळेला मास्तरीण मिळत नाही." चार पाहुण्यांदेखत साहेब बोलले. अंबाजी "जी" म्हणाला. साहेबांपुढं त्याला दुसरं काही म्हणता येतच नसे.

मळवलीला घरी येऊन मात्र त्यानं ही गोष्ट बायकोला स्वतःच्याच डोक्यातून निघाल्यासारखी सांगितली. कस्तुराबाईचे वडील रेल्वेत सांधेवाले. त्यांनी हौसेनं पोरीला सातवीच्या फायनलपर्यंत शिकवली होती, पण लग्नानंतर ते शिक्षण आळीतल्या बायकांची पत्रं वाचून दाखवण्यापलीकडं कामाला आलं नव्हतं. नवऱ्याचं बोलणं ऐकलं आणि आनंदानं तिला पुढचा घास गिळेना.

"शीक की. किती बी शीक," अंबाजी उदार होऊन म्हणाला. "फकस्त घर सांभाळून."

'घर सांभाळून' हे दोन शब्द पुरुषाच्या तोंडात फार गोड वाटतात. कस्तुराबाईच्या वाट्याला आले तेव्हा त्यांचा अर्थ असा निघाला : अंधारात उठून जातं, मग विहीर, मग म्हैस, मग चूल, मग लहानग्या रतनचं आवरणं, आणि मग पदर खोचून स्टेशनाकडं धूम. दिवसभर पुण्याला कॉलेज. दिवेलागणीला परत आलं की पुन्हा म्हैस आणि पुन्हा चूल. अंबाजीच्या वाट्याला परवानगी आली होती. ती त्यानं एकदाच दिली, आणि तिच्या जोरावर तो तीन वर्षं ओट्यावर पाय पसरून बसला.

कॉलेजात गृहव्यवस्थेचं एक पुस्तक होतं. दुपारच्या जेवणानंतर गृहिणीनं घटकाभर पडावं, मन प्रसन्न ठेवावं, असं त्यात छापलं होतं. कस्तुराबाईनं तो धडा एका रविवारी भात कांडता कांडता पाठ केला. हातात मुसळ होतं, पण पुस्तक लिहिणारे गृहस्थ जवळपास नव्हते.

अभ्यास होतच नव्हता. गाडीत पुस्तक उघडलं की डोळा लागायचा, घरी उघडलं की सासू धोंडाबाई हाक मारायची. पहिल्या दोन वर्षांत ती कशीबशी काठावर पास झाली. तिसऱ्या वर्षाला नापास झाली, तर अंबाजी काय म्हणणार हे तिला आताच ऐकू येत होतं : "बघितलं? आमी काय शिकू नगं म्हनलं व्हतं?" आणि मग जन्मभर चूल. साहेबही काही अमरपट्टा घेऊन आले नव्हते.

एकच जागा अशी होती, जिथं तिला कुणी हाक मारत नसे. महिन्याचे ते चार दिवस बाई घराबाहेर पडवीत बसायची. कावळा शिवला म्हणायचं आणि वेगळं ताट, वेगळं घोंगडं घेऊन बाजूला व्हायचं. पाण्याला शिवायचं नाही, चुलीला शिवायचं नाही, माणसाला शिवायचं नाही. पुस्तकाचं काय, यावर धोंडाबाईनं विचार केला आणि निकाल दिला, "कालेजाच्या बुकात कुटं देव असतोय? वाच." आगगाडीलाही विटाळ नसतो, कारण ती सरकारची. तेव्हा पडवीतून उठून कॉलेजात जायचं, पडवीत परत यायचं आणि वरून वाढलेली गरम भाकरी खाऊन वाचत बसायचं. ज्यांनी बाईला अपवित्र ठरवलं, त्यांनी चुकून तिला अभ्यासाची खोलीच बांधून दिली होती. एवढी अक्कल त्यांना आली असती, तर त्यांनी ती रूढी तेव्हाच मोडली असती.

परीक्षा जवळ आली, तसा कस्तुराबाईला कावळा वेळेआधी शिवला. नंतर पंधरवड्यातच पुन्हा शिवला. पुढं पुढं तर तो पडवीच्या आढ्यावरच राहायला आल्यासारखा झाला.

घरात हाहाकार उडाला. अंबाजीवर पाणी भरायची वेळ आली. कुणी बघू नये म्हणून तो मुंडासं डोळ्यांवर ओढून विहिरीवर जायचा, आणि नेमकी शेजारची सरुबाई तिथं असायची. "काय अंबाजीभाऊ, आज पान्याला?"

"म्हशीला नेतुया," अंबाजी खेकसायचा.

सरुबाईनं सल्ला दिला, सुनेला बाधा झालीय, कार्ल्याच्या एकवीरेला कोंबडं बोला. अंबाजी म्हणाला, डाक्टरला दाखवू. धोंडाबाई चुलीपुढं वाकून फुंकणीनं जाळ करत होती. ती दोघांनाही "बघू" म्हणाली आणि कंबरेवर हात ठेवून उठली. एरवी शिंकेलासुद्धा नवस बोलणारी ही बाई, पण त्या वेळी तिनं नवसाचं नाव काढलं नाही. कस्तुराबाईला त्याचं नवल वाटलं, पण तिच्यापुढं बालमानसशास्त्राचं पुस्तक उघडं होतं.

त्या पुस्तकात लिहिलं होतं, मुलाला आईचा स्पर्श हवा. इकडं रतन पडवीच्या पायरीशी येऊन उभी राहायची आणि हात पुढं करायची. "शिवू नगं रतने, मागं हो," असं कस्तुराबाईलाच म्हणावं लागायचं. पहिल्यांदा पोर रडली. मग कावळ्यांना दगड मारत हिंडली. मग दोन्ही हात पाठीमागं धरून लांबूनच आईकडं बघायला शिकली. कस्तुराबाईचा जीव तुटायचा. खोटं बोलायचं होतं सासूशी आणि नवऱ्याशी. त्याची शिक्षा या पोरीला का, असं तिला रोज वाटायचं. आणि रोज ती पान उलटायची.

शेवटचा पेपर होता त्या दिवशी पहाटे रतनला ताप भरला. आतून तिचं कण्हणं ऐकू येत होतं. "आई, आई." कस्तुराबाई पुस्तकं बांधून निघाली होती. तिचं पाऊल पायरीवरच अडलं. मग पुस्तकं तिथंच टाकून ती थेट उंबरा ओलांडून आत गेली आणि तिनं पोरीला उचलून छातीशी धरली. चुलीपुढं धोंडाबाई बसली होती.

"आत्याबाई, मी बाहेरची न्हाई," कस्तुराबाई म्हणाली. तिला रडू फुटलं. "दोन म्हैनं खोटं बोलले."

"मग? मला काय ठावं न्हाई?" धोंडाबाईनं भाकरी उलटली. "म्हैन्यातनं दोनदा बसतीस आन् धुनं एकदाच वाळत पडतंय. आगं, माजी धा बाळंतपनं झाली. मी बी अशीच बसायची. सुगीत कंबर मोडली की बसायची. तुज्या सासऱ्याला शेरडं मोजता यायची, पर दिस न्हाई. ह्या आळीतल्या कंच्या बाईनं न्हाई केलं?"

कस्तुराबाई पोरीला घेऊन तिथंच खाली बसली.

"तुला कावळा तरी हाय," धोंडाबाई म्हणाली. "माजा कवाच उडून गेला. आता मला मेल्याबिगर सुट्टी न्हाई. आन ती पोर हिकडं. गाडी चुकंल."

पोर सोडेना. धोंडाबाईनं तिची बोटं आईच्या लुगड्यावरून एकेक करून सोडवली. कस्तुराबाई स्टेशनापर्यंत रडत गेली, गाडीत रडली आणि पुण्याला उतरल्यावर तोंड धुऊन पेपराला बसली.

ती चांगल्या मार्कांनी पास झाली. रतनचा ताप तर केव्हाच उतरला होता. लोणावळ्याला साहेबांच्या बंगल्यात समारंभ झाला. हार दोन आणले होते, एक साहेबांना आणि एक अंबाजीला. स्त्रीशिक्षणाच्या या शूर पाठीराख्यानं चार शब्द बोलावेत, असा आग्रह झाला. अंबाजी उभा राहिला. "मी तिला येकच सांगितलं व्हतं," तो म्हणाला, "घर सांभाळून. तीन वर्सांत माज्या घरची चूल येक दिस बी थंड पडली न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी डोळे पुसले. धोंडाबाई बायकांत मागं बसली होती. तिनं कंबर भिंतीला टेकवली होती आणि तिला झोप लागली होती.

टाळ्यांच्या आवाजानं रतन दचकली आणि आजीच्या मांडीवरून उतरली. कस्तुराबाईला भरून आलं. आता परीक्षा संपली, खोटंही संपलं, आता पोरीला पोटभर जवळ घ्यायची, म्हणून ती खाली वाकली आणि तिनं दोन्ही हात पसरले.

रतन शहाण्यासारखी दोन पावलं मागं सरली. तिनं हात पाठीमागं धरले.

"शिवू नगं, आई," ती म्हणाली, आणि झोपलेल्या आजीला बिलगली.