दाराआडची काठी

वैशाखऱ्याहून दामूच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या बाजारात वांगी निवडत होतो. "भावजी, तुमचा फौजी गेला," एवढंच बोलल्या. वांगी तिथंच राहिली... दीड महिना झाला, पण दामूवरचा माझा राग काही गेलेला नाही. आता भांडायचं तरी कोणाशी?

मुरबाडच्या शाळेत आम्ही एका बाकावरचे. तो फौजेत गेला, मी तहसील कचेरीत चिकटलो. काही वर्षांनी तो परतला आणि लगेच त्याचं लग्न ठरलं. सासऱ्याला भारी हौस, "जावई फौजी, तर तसा कागद पायजे," म्हणून तोच दामूला माझ्याकडे घेऊन आला. माजी सैनिकाचा अर्ज मी भरायला घेतला. नोकरी का सोडली? "लिव, माज्या मनानं सोडली." फौजेतून सुटल्याचं डिस्चार्ज बुक? "हरावलं." मी मुकाट लिहिलं. अर्ज परत आला. आपल्या मनानं सोडून येणारा नियमात बसत नाही.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी हृदयाचं निदान केलं, तेव्हा स्वारी काखेत डिस्चार्ज बुक मारून हजर! "माज्यामागं हिच्या औषधपाण्याचं काय रे?" वाचलं आणि मी उडालोच. गस्तीवर असताना बर्फात घसरून पाय मोडलेला, सेवेला अयोग्य म्हणून परत पाठवलेला. असा माणूस नियमात बसतो!

"अरे गाढवा, तवाच का नाय बोललास?"

"सासरा बाजूलाच बसला व्हता ना! लंगड्याला पोरगी दिली असती त्यानं?"

जन्मभर हा गावात ताठ चालला, आणि घरात कोणी नसलं की दाराआडची काठी धरून. मी त्याला नाही नाही ते बोललो. मग हसू आलं, आणि डोळेही भरले.

पहिला अर्ज खोटा होता, हे त्यानं सही करून लिहून दिलं. पलटणीच्या दप्तरातून कागद यायला महिने गेले... पत्र आलं ते त्याच्या तेराव्यानंतर.

मी स्वतः ते वैशाखऱ्याला नेलं, वाचून दाखवलं. दामू माजी सैनिक ठरला होता, वहिनींना औषधपाण्याचं कार्ड मिळणार होतं. चाचरत म्हटलं, "वहिनी, त्याच्या पायाचं तुम्हाला..."

"लग्नानंतरच्या पयल्याच भाताच्या आवणीला कळलं व्हतं. चिखलात पाय रोवंना त्यांचा. मी नाय बोलले. इतकं जपत व्हते ते."

मग त्या उठल्या, दाराआडची काठी काढली, पदरानं पुसली आणि पडवीतल्या दर्शनी खुंटीला अडकवली.

"आता दिसू दे गावाला."