खडूच्या डब्यातल्या गोळ्या

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते माझ्या मोठ्या भावाचे, सुखदेवदादाचे. वडील गेल्यावर त्याने सातवीतून शाळा सोडली आणि धानाची शेती अंगावर घेतली, म्हणून मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. २००३ सालच्या हिवाळ्यात नागपूरच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी मला माझ्या आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा माझ्या चपला मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर दादाच बसला होता.

नाव होतं ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’. म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात आणि त्यातून रक्त जातं. ते कळण्यासाठी कोलोनोस्कोपी करावी लागली. यात गुदद्वारातून दुर्बिणीची नळी घालून आतडं आतून पाहतात. डॉक्टरांनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं आणि डावीकडचा भाग पेनाने गिरवून गिरवून काळा केला.

“बरा होईल ना?” मी विचारलं.

“आटोक्यात राहील. गोळ्या बहुधा आयुष्यभर. मनाने बंद केल्या तर आजार उलटेल.”

बाहेर येऊन मी दादाला तेच सांगितलं. त्याने माझ्या चपला खाली ठेवल्या. मग म्हणाला, “मंग हा कायचा डाक्टर? बरा करत नाही म्हणून सोताच सांगते.”

त्याआधीचे सहा महिने मी कोणालाच काही सांगितलं नव्हतं. मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. एका तासात दोनदा वर्ग सोडून जावं लागायचं. मुलं हसायची. एस.टी.ने जायचं असेल तर आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचो. हा आजार माणसाला आधी लाजवतो आणि मग एकटं पाडतो. ज्यांना तो झाला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

गोळ्या दोन प्रकारच्या होत्या. मेसालामाइन ही आतड्याची सूज उतरवणारी. दुसरी प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. ती लवकर गुण देते, पण कमी करायची ती हळूहळू, डॉक्टर सांगतील तशी. हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं.

महिन्याभराने दादाने झाडाची मुळी औषध म्हणून देणाऱ्या एका वैद्यबाबांचा पत्ता काढला. चोरखमाऱ्याच्या तलावापलीकडे जंगलाला लागून त्यांचं गाव. मी गेलो ते मनात हसत. पण त्यांनी मला जवळ बसवून तासभर विचारपूस केली. काय खातो, झोप कशी लागते, पोट कुठे दुखतं, कोणाशी भांडण आहे का. नागपूरच्या बिचाऱ्या डॉक्टरांच्या दारात साठ माणसं ताटकळत असायची. त्यांना एवढा वेळ कुठून असणार? वैद्यबाबा पैसे घेत नसत. गुण आला की नारळ घेऊन यायचं आणि अंगणात बसलेल्या लोकांपुढे आपल्या तोंडाने तसं सांगायचं, एवढीच त्यांची रीत.

मुळीचेही नियम होते. ती घरच्याच माणसाने न्यायची आणि वाटेत कोणाशी एक शब्द बोलायचा नाही. मग ती उगाळून तांदळाच्या धुवणात पहाटे घ्यायची. तिच्यासोबत दुसरं औषध चालणार नाही. “दोन औषधं एका पोटात भांडतात,” ते म्हणाले.

दर रविवारी दादा सायकलने जायचा आणि मुळी घेऊन मुक्याने परतायचा. वाटेत ओळखीचे लोक हाक मारत, “काऊन गा सुखदेव, आमच्यावर रागावला का?” तो फक्त हात हलवायचा. त्याच्यासारखा बोलका माणूस अर्धा दिवस तोंड मिटून सायकल हाणतो आहे, हे मला पाहवत नसे. त्याच्यासाठी म्हणून मी गोळ्या बंद केल्या. दोन्ही, एकदम.

आठव्या दिवशी फळ्यावर लिहिता लिहिता माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला. गोंदियाच्या दवाखान्यात रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. नागपूरला पाठवलं, तिथे अकरा दिवस होतो. डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, “स्टेरॉइड असं एकदम सोडल्याने जीवही जातो. तुम्हाला झाडपाला घ्यायचाच असेल तर काय घेता ते मला दाखवा, आधी तपासू. पण माझी गोळी सोडायची नाही, आणि लपवायचं तर काहीच नाही.”

दादाचं म्हणणं वेगळं होतं. “औषध लागू पडाच्या आधी दुखणं एकदा उसळते, असं बाबा म्हणतात.” आणि पुढच्या रविवारी त्याने पुन्हा सायकल काढली.

आता मी जे लिहिणार आहे, त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

मी दादाला नाही म्हणू शकलो नाही. गोळ्या शाळेच्या प्रयोगशाळेत, खडूच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या आणि तिथेच घेऊ लागलो. घरी पहाटे दादासमोर मुळीचं पाणी प्यायचो. मुळी अजून घेतो हे डॉक्टरांना सांगितलं नाही आणि दादाला गोळ्यांबद्दल. यात कोणाचं काय बिघडतं, असं मला वाटायचं.

दीड महिन्यात रक्त थांबलं. स्टेरॉइडमुळे माझा चेहरा सुजून गोल झाला होता. डॉक्टरी भाषेत याला ‘मून फेस’, म्हणजे चंद्रासारखं तोंड म्हणतात. तो औषधाचा दुष्परिणाम आहे. पण आमच्या गावात भरलेले गाल म्हणजे सुधारलेली तब्येत. वहिनी म्हणाली, “मास्तर त आता हलवायावानी दिसून रायले.” दादाने नारळ आणला.

वैद्यबाबांच्या अंगणात त्या दिवशी पंचवीस-तीस माणसं होती. दादाने मला पुढे केलं. “हा माहा भाऊ. सायन्सचा मास्तर आहे. सांग गा.” मी उभा राहिलो आणि म्हणालो, “बाबांच्या औषधाने मी बरा झालो.” बाबांनी माझी हनुवटी धरून माझे गाल लोकांना दाखवले. एका म्हातारीने माझ्या पाया पडायला हात पुढे केला. तिच्या सुनेला माझ्यासारखाच त्रास होता. त्या सुनेचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मी कधी विचारायला गेलो नाही.

पुढे डॉक्टरांनी स्टेरॉइड हळूहळू बंद केलं. मेसालामाइन चालू राहिली, आजही चालू आहे. माझी बदली देवरीला झाली, लग्न झालं. गोळ्या आता घरच्या फडताळात उघड्यावर असायच्या, पण दादा आला की मी त्या आत ठेवायचो.

२००९ मध्ये पोळ्याला गावी गेलो तर दादा निम्मा झालेला. वहिनीने मला सांदीत बोलावून सांगितलं, चार महिन्यांपासून रक्त जातं, बैलामागे दोन तास चाललं की बसावं लागतं. मी दादाला म्हणालो, “चल, उद्याच नागपूरला जाऊ.”

“कायले? तुले जे झालं तेच मले झालं. तू कायनं बरा झाला? मुळी आणून रायलो ना मी.” तो हसत होता. “आता तर रस्ताही पाठ आहे.”

घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. त्यांच्यासमोर खरं सांगणं मी टाळलं. देवरीला परतलो आणि त्याच रविवारी पत्र लिहिलं. फोन होता, पण फोनवर मला ते बोलता आलं नसतं.

पत्र मिळाल्याच्या तिसऱ्या दिवशी दादा गोंदियाच्या स्टेशनावर आला. नागपूरला नळी घालून पाहिलं, तर त्याला माझा आजार नव्हताच. आतड्याच्या खालच्या भागात कर्करोगाची गाठ होती. ऑपरेशन झालं. त्याच्या पोटावर आता कायमची पिशवी आहे. मल त्या पिशवीत येतो आणि वहिनी ती बदलते. तो शेतात जातो, पण चिखलात उतरत नाही. बांधावर बसून मजुरांना ओरडतो. “चार महिने आधी आले असते तर पिशवी कदाचित टळली असती,” एवढंच डॉक्टर म्हणाले. पत्राबद्दल दादा एकदाच बोलला. “पंधरा वर्ष शिकवलं तुले. अन् दोन पानं लिवाले तुले पाच वर्ष लागले.”

मी वैद्यबाबांकडेही जाऊन खरं सांगितलं. ते म्हणाले, “रगत जाणाऱ्याले मी दोन महिन्यांच्या वर ठेवत नाही. डाक्टरकडं धाडतो. तुह्यावर भरोसा ठेवून तुह्या भावाले ठेवलो.”

तेव्हापासून झाडपाल्याला कोणी नुसतं खोटं म्हटलं की माझ्याने हो म्हणवत नाही. खोटं मी बोललो होतो. तुमच्यापैकी कोणी दोन्ही औषधं घेत असाल तर ते दोन्हीकडे सांगा. गोळी मनाने सोडू नका. आणि गुण आला तर तो कशाने आला हे पुरतं कळल्याशिवाय चार लोकांत सांगू नका. कोणीतरी ते ऐकून आपल्या जिवाचा निर्णय घेत असतो.

ते पत्र वहिनीने जपून ठेवलं होतं. तिच्याकडून घेऊन इथे जसंच्या तसं उतरवतो.

देवरी, रविवार

तीर्थरूप दादास,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तू स्वतः वाच, पोरीकडून वाचून घेऊ नकोस. अक्षर मोठं काढलं आहे.

दादा, मी मुळीने बरा झालो नाही. मी सगळा वेळ नागपूरच्या गोळ्या घेत होतो. शाळेत, तुझ्यापासून लपवून. माझे गाल गोळ्यांनी सुजले होते. बाबांच्या अंगणात मी खोटं बोललो. तू इतक्या रविवारी तोंड मिटून सायकल चालवलीस आणि मी तुला एक शब्द सांगू शकलो नाही. तुझं मन मोडेल म्हणून गप्प बसलो असं मी स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे मला भीती वाटत होती.

आजही मी गोळी घेतो. सोडली की रक्त येतं. म्हणून माझ्याकडे पाहून तू काही ठरवू नकोस. तुला काय झालं आहे ते मला माहीत नाही, बाबांना माहीत नाही. नळी घालून पाहिल्याशिवाय कोणालाच कळणार नाही. त्रास होतो, पण थोडाच वेळ. मी ती तपासणी दोनदा करून घेतली आहे.

बुधवारी सकाळी मी गोंदियाच्या स्टेशनावर तिकीट खिडकीपाशी उभा राहीन. वहिनीला सोबत आण. तू नाही आलास तर गुरुवारीही उभा राहीन, शुक्रवारीही. शाळेत रजेचा अर्ज दिला आहे.

तुला मला जे काही बोलायचं असेल ते घरी बोलू नकोस, वहिनी रडेल. स्टेशनावर बोल. आपल्या गाडीला उशीर होतच असतो, तेवढ्यात तुझं सगळं बोलून होईल.

तुझा लहान भाऊ,
हेमराज