उपाशीपोटीचं रक्त

लोक खोटं बोलतात, हे आमच्या कामात आधीच धरून चालावं लागतं. मधुमेहाच्या एका संशोधन प्रकल्पात मी आहारतज्ज्ञ आहे. गोंदियाहून स्कूटीवर निघायचं, आमगावच्या बाजूची गावं गाठायची आणि कालच्या सकाळपासून आजच्या सकाळपर्यंत काय काय खाल्लं ते लोकांकडून काढून घ्यायचं, हे माझं काम. लग्नात खाल्लेले चार गुलाबजाम कुणालाच आठवत नाहीत. चहात साखर किती, असं विचारलं की घरातला चमचा अचानक लहान होतो. माझ्या नाकावर राग, त्यामुळे मी सरळ चुलीजवळ जाते आणि त्यांचाच चमचा वजनकाट्यावर ठेवते.

प्रकल्प समजायला सोपा होता. अन्न पोटात पडलं की आतड्यातून काही हार्मोन सुटतात आणि ते इन्सुलिनला कामाला लावतात. आधी भाजी-वरण खाल्लं आणि भात शेवटी घेतला, तर हे हार्मोन अधिक चांगलं काम करतात का, जेवणानंतरची साखर कमी चढते का, हे आम्हाला इथल्या माणसांत पाहायचं होतं. भात बंद करा म्हणणारे डॉक्टर पुष्कळ झाले. आमच्याकडे भात सोड म्हणणं म्हणजे गाव सोड म्हणण्यासारखंच आहे, म्हणून हा प्रकल्प मला मनापासून पटला होता.

आमच्या यादीत एक मावशी होत्या. साठीला टेकलेल्या, अंगानं काटक, धानाच्या दोन बांध्या, म्हणजे भातखाचरं, स्वतः करणाऱ्या. नियम पाळण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. लाखोळीची डाळ आधी, भाजी नंतर, मग वाटीनं मोजून भात, तोही माझ्याकडे विजयी नजरेनं बघत. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर बरी यायची, जेवणानंतरचीही बरी यायची. पण उपाशीपोटीचं रक्त घेतलं की आकडा वर. एकदा नाही, दर वेळी. त्या आकड्यावरून त्यांच्या गोळ्या वाढवल्या गेल्या, आणि त्यानंतर एका दुपारी त्या बांधीत चक्कर येऊन बसल्या.

आमच्या डॉक्टरसाहेबांनी फाइल माझ्यासमोर सरकवली. "बाई सकाळी चोरून काहीतरी खाते. पुढच्या तपासणीत पुन्हा असंच आलं तर हिला यादीतून काढा. नाहीतर पूरा डेटा खराब होईल. आणि रात्रीचं इन्सुलिन सुरू करावं लागेल."

मीही मावशींवर चढलेच. त्यांच्या छपरीत बसून म्हटलं, "मावशी, खरं सांगा. सकाळी काय खाता?"

"काई नाई खात वो मॅडम."

"मग साखर वाढते कशी?"

त्या ताडकन उभ्या राहिल्या. "मी का लेकरू हाव, चोरून खावाले? देवाची आन घेतो. तुमी मले चोर कायले म्हनून राहिले?"

मी वही मिटली. त्यांच्या रागाला घाबरून नव्हे. हेच वाक्य मी आधी ऐकलं होतं, हाच चेहरा आधी पाहिला होता.

माझी आई चोरखमारा तलावाच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या गावातली. तिलाही साखर होती. तिचंही उपाशीपोटीचं रक्त असंच खवळलेलं यायचं, आणि तीही आन घेऊन सांगायची की मी काही खाल्लं नाही. तेव्हा मी नुकतीच आहारशास्त्र शिकून आले होते, म्हणजे मला सगळंच कळत होतं. मी गुळाचा डबा पेटीत घातला, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. शेजारच्या बायकांसमोर तिला खोटारडी म्हटलं. तिच्या गोळ्या वाढत गेल्या. एका दुपारी ती कालव्याजवळ चक्कर येऊन पडली, खुब्याचं हाड मोडलं, तिनं खाट धरली आणि त्या खाटेवरून ती उठली नाही. पथ्य मोडलं त्याचं हे फळ, असं मी कित्येक वर्षं मानत आले.

त्या दिवशी मावशींच्या छपरीतून निघाले ती ठरवूनच, की या बाईला मी यादीतून जाऊ देणार नाही. ती खोटं बोलत असेल तर डोळ्यांनी पाहीन. बोलत नसेल तर तिला इन्सुलिन टोचून बांधीत पाडायचं पाप मला नको. दुपारी डॉक्टरांना म्हटलं, "तपासणीच्या दिवशी पहाटेपासून मी त्यांच्या घरी बसते."

"आपण रिसर्च करतो मॅडम, जासूसी नाही."

"मग आजपासून दोन्ही करू," मी म्हटलं.

तपासणीच्या दिवशी झुंजुमुंजू होता होता मी मावशींच्या दारात पोचले. त्यांना गंमत वाटली असावी. त्यांनी अंगण झाडलं, सडा घातला, गुरांना चारा टाकला. मी मागे मागे. मग बांधीतलं पाणी पाहायला निघाल्या, तर मी चपला हातात घेऊन धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या अरुंद बांधावरून, तोल सावरत त्यांच्या मागे. ना चहा, ना बिस्किट, ना तंबाखूची चिमूट. मी पाखरासारखी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. परत आल्यावर त्यांनी पाय धुतले, धुतलेलं लुगडं नेसलं, केस विंचरले. रक्त घ्यायची गाडी गावच्या उपकेंद्राशी येऊन उभी होती. बाई निर्दोष आहे, असं माझं मन सांगू लागलं. मग साखर कुठून येते?

आम्ही दारातून निघणार तेवढ्यात सून आतून आली. हातात दोन गडवे. एक तिनं मावशींना दिला, एक माझ्यापुढे धरला. मावशींनी उभ्या उभ्या, एका दमात गडवा रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चला जी मॅडम, उशीर होऊन राहिला."

"मावशी, हे काय प्यायलात?"

"पेज."

"अहो, उपाशीपोटी यायचं ना!"

"उपाशीच त हाव. पेज का जेवन हाय? भाताचं पानी त हाय."

सून मध्ये बोलली, "रिकाम्या पोटानं कशी धाडू जी मी त्याईले? मागं चक्कर आली होती."

मी माझ्यापुढचा गडवा घेऊन आत पाहिलं. रात्रीचा उरलेला भात पाण्यात मोडून सकाळी उकळलेली ती पातळ पेज. पोटात गेल्याबरोबर साखर होणारी. आणि आम्ही उपाशीपोटीचं म्हणून ती प्यायल्यानंतरचं रक्त मोजत होतो. त्या आकड्यावरून वाढवलेल्या गोळ्या दुपारी साखर नको इतकी उतरवत होत्या, चक्कर त्यामुळे.

मी चिडून विचारलं, "आजवर सांगितलं का नाही?"

मावशी माझ्याहून चिडल्या. "तुमी कवा इचारलं? काय खाल्लं, काय खाल्लं, येवढंच इचारून राहिले!"

मी पिशवीतून फॉर्म काढला. पेयांच्या रकान्यात चहा होता, कॉफी होती, दूध, शीतपेय, फळांचा रस, दारू होती. त्या गावात फळांचा रस कोण पितं, देव जाणे. पेज नव्हती. फॉर्म दूरच्या शहरातून आला होता, हे खरं. पण तो तपासून खाली सही केली होती मी, पेजेवर वाढलेल्या मुलीनं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्या दिवशी मावशींचं रक्त घेऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे गेले. या वेळी सुनेला समोर बसवून घेतलं आणि गडवा पालथा घातला. आकडा खाली आला. डॉक्टर कागद खाली ठेवत म्हणाले, "म्हणजे बाकीच्यांचंही तपासावं लागेल. काम चांगलंच लांबणार."

"लांबू द्या," मी म्हटलं. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, ते आधी निस्तरू."

त्यांना राग आला, पण त्यांनी अडवलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. मावशींच्या गोळ्या त्यांनी स्वतः कमी केल्या. इन्सुलिनचा विषय संपला आणि दुपारची चक्करही थांबली. पेज सोडायला मावशींनी साफ नकार दिला. खूप घासाघीस होऊन ती भाजी-वरणानंतर, अर्धा गडवा, अशी ठरली. मी मात्र यादी घेऊन एकेक घर पुन्हा पालथं घालायला लागले. ऊन रणरणत होतं, लोक वैतागत होते, मी हटत नव्हते. बऱ्याच घरांत तेच निघालं.

अशाच एका घरी एका मुलीला विचारलं, की तपासणीच्या सकाळी आईला पेज कोण देतं? ती हसून म्हणाली, "मीच देतो न. तिले कुठी भान राहते?"

आणि मला आमचं स्वयंपाकघर दिसलं. आईला तपासणीसाठी गोंदियाला न्यायचं, सकाळची बस धरायची. ती लुगडं नेसून दारात उभी. घाईघाईनं गंजातली पेज गडव्यात ओतून तिच्या हातात देणारी मी. "उपाशी कशी येशील? पेज त घे," असं म्हणणारी मी. संध्याकाळी रिपोर्ट वाचून तिच्यावर ओरडणारीही मीच. "तूच त देली होतीस," असं तिनं एकदाही म्हटलं नाही, कारण पेज म्हणजे खाणं, हे तिच्याही डोक्यात नव्हतं आणि माझ्याही. गुळाला कुलूप होतं. पेज मी माझ्या हातानं पाजत होते.

त्या घरातून बाहेर पडून मी स्कूटीवर बसून रडले. भरदुपारी, रस्त्यावर, लोक बघत असताना. मग डोळे पुसून पुढच्या घरी गेले, कारण यादी संपली नव्हती.

आता फॉर्मवर पेजेचा रकाना आहे, सगळ्यात वर. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी प्रत्येक घरी फोन करते. पेशंटशी बोलत नाही. सकाळी जी गडवा हातात देते, त्या सुनेला नाहीतर लेकीला फोनवर बोलावते. उद्या रक्त देईपर्यंत आईला काही द्यायचं नाही, साध्या पाण्याशिवाय काहीही नाही, असं सांगते. पलीकडून हमखास विचारतात, "पेजबी नाई का जी?"

"पेजही नाही," मी म्हणते, आणि तेवढं म्हणताना माझा आवाज अजूनही चढतो.